दिसतंय का?

आमच्या टीव्हीला तीनच आजार होते. मुंग्या, भुतं आणि पट्टे. पडद्यावर काळे-पांढरे ठिपके वळवळायला लागले की मुंग्या. बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट आवृत्ती येऊन उभी राहिली की भूत. आणि कुणी मिक्सर लावला किंवा खालून एखादी स्कूटर गेली की पट्टे. पट्ट्यांवर इलाज नव्हता, ते आले तसे जायचे. मुंग्या आणि भुतं मात्र बाबांच्या अखत्यारीतली. ते हातातला पेपर खाली करून पडद्याकडे एक नजर टाकायचे, "मुंग्या आल्यात," म्हणायचे आणि चपला घालून गच्चीकडे निघायचे.

मग साखळी लागायची. बाबा वर अँटेनाच्या खांबाशी, ताई जिन्याच्या वळणावर, मी टीव्हीपुढे. वरून हाक यायची, "दिसतंय का?" ताई ती माझ्यापर्यंत पोचवायची, मी उत्तर द्यायचो, ताई ते वर पोचवायची. यात तिचं कुठलंतरी गोष्टीचं पुस्तक अर्धवट राहिलेलं असायचं, त्यामुळे माझं "जरा बरंय" वर पोचेपर्यंत "एकदम मस्त" झालेलं असे. बाबा खाली येत, पडदा बघत, मग ताईकडे बघत आणि काही न बोलता पुन्हा वर जात.

खांब ते दोन्ही हातांनी धरून फिरवायचे, आणि इतक्या सावकाश की बघणाऱ्याला वाटावं नुसतेच टेकून उभे आहेत. इकडे खाली माझ्यापुढे मुंग्या पातळ व्हायला लागायच्या. आधी डोक्याचा गोल दिसे, मग त्याला नाक येई, मग कपड्यांवरची नक्षी. "येतंय… येतंय… अजून थोडं… थांबा! गेलं. मागे, मागे." आवाज बहुधा सगळा वेळ व्यवस्थित चालू असायचा. माणूस मुंग्यांच्या वारुळात बुडालेला आणि बोलणं मात्र स्वच्छ, हे तेव्हा मला फार चमत्कारिक वाटायचं.

त्याचं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. जुन्या टीव्ही प्रक्षेपणात चित्र लहरीच्या उंचीवर चढवलेलं असायचं आणि आवाज तिच्या वारंवारतेवर, म्हणजे आवाज एफएम रेडिओसारखा. वाटेत लहरीला कुणीही धक्का मारला, स्कूटरच्या प्लगमधली ठिणगी असो की मिक्सरची मोटर, तो पहिला बसतो उंचीला. चित्र उंचीवर म्हणून चित्राला खरचटायचं, आवाज वाचायचा. म्हणजे पडद्यावर जे दिसत होतं त्यात कार्यक्रम होता आणि शिवाय प्रक्षेपणाच्या मनोऱ्यापासून घरापर्यंतच्या वाटेत काय काय घडलं त्याचा अहवालही होता, दोन्ही एकावर एक छापलेले. विमान गेलं की त्याचा आवाज कानावर येण्याआधी चित्र फडफडायला लागायचं, कारण विमानाच्या पोटावर आपटून आलेली लहर मूळ लहरीत मिसळायची. बाबा मान वर न करता म्हणायचे, "विमान."

भुताचं गणित तर मला अजून आवडतं. आमच्याकडच्या पद्धतीत एक चित्र ६२५ रेघांचं, सेकंदाला अशी २५ चित्रं. म्हणजे एका रेघेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद. त्यातले १२ मायक्रोसेकंद पडद्यावर चित्र रेखणारा किरण डावीकडे परत नेण्यात जायचे, उरलेल्या ५२ मध्ये तो डावीकडून उजवीकडे पडदा ओलांडायचा. आमचा टीव्ही २० इंची, पडद्याची रुंदी साधारण ४० सेंटिमीटर. तेव्हा एक सेंटिमीटर चालायला किरणाला लागायचे १.३ मायक्रोसेकंद. तेवढ्यात रेडिओ लहर हवेतून ३९० मीटर जाते. आता मनोऱ्याकडून एक लहर सरळ आली आणि दुसरी कुठेतरी आपटून वळसा घालून आली, तर दुसरी उशिरा पोचणार आणि तिचं चित्र तेवढंच उजवीकडे सरकून उमटणार. भूत मूळ चित्रापासून दीड सेंटिमीटरवर असेल तर वळसा झाला सुमारे ६०० मीटरचा.

हे मी काही लहानपणी पट्टी लावून मोजलेलं नाही. पण आमच्या घरामागे, मनोऱ्याच्या बरोबर उलट दिशेला, एक उंच इमारत उभी राहत होती ते वर्ष मला आठवतं. तिचे मजले चढत गेले तसं आमचं भूत गडद होत गेलं. सुरुवातीला नुसती सावली होती, स्लॅब पडत गेले तसे तिला डोळे आले. इमारत आमच्यापासून तीनेकशे मीटरवर होती. लहर आमच्या डोक्यावरून तिथवर जायची, भिंतीवर आपटून परत यायची. जाऊन येऊन ६००. मोठेपणी हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा मी बाबांना फोन करून सांगितला. ते म्हणाले, "ते तेव्हाच माहीत होतं. म्हणून तर मी अँटेनाची पाठ बरोबर त्या इमारतीकडे केली होती."

अँटेनाला पाठ असते हे ज्यांनी ती हातात धरलेली नाही त्यांना सांगावं लागतं. माशाच्या काट्यासारखी दिसणारी ही वस्तू हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उडा या जपानी अभियंत्यांनी तोहोकू विद्यापीठात १९२६ च्या सुमारास घडवली, आणि तिच्यात मुळापासून बदलावं असं कुणाला आजवर फारसं काही सापडलेलं नाही. एका आडव्या दांडीवर समांतर काड्या. वायर जोडलेली असते ती एकाच काडीला, ती बहुधा लांबट कडीसारखी दुमडलेली असते. तिच्यामागे एक जरा लांब काडी, ती मागून येणारं अडवते. पुढे आखूड काड्यांची रांग, ती समोरून येणारं ओढून आणते. वायर या काड्यांना शिवतही नाही. त्या नुसत्या योग्य अंतरावर उभ्या राहून काम करतात. मापं लहरीवरून ठरतात. २०० मेगाहर्ट्झची लहर दीड मीटर लांब, म्हणून मुख्य काडी तिच्या निम्मी, ७५ सेंटिमीटरच्या आसपास. ६०० मेगाहर्ट्झला तीच काडी २५ सेंटिमीटर. काड्या बघून ती अँटेना वारंवारतेचा कुठला पट्टा पकडणार हे ओळखता येतं. आमच्या अँटेनाची पुढून दुसरी काडी एका कावळ्याच्या कायमच्या वास्तव्यामुळे वाकलेली होती. बाबांनी ती सरळ केली की तो पुन्हा वाकवायचा. शेवटी बाबांनी सोडून दिलं. चित्रात काही फरक पडत नव्हता.

मग हे जुन्या पद्धतीचं, ॲनालॉग प्रक्षेपण बंद होणार असल्याच्या बातम्या यायला लागल्या. नेदरलँड्सने देशभरातलं जमिनीवरचं ॲनालॉग प्रक्षेपण डिसेंबर २००६ मध्येच गुंडाळलं. अमेरिकेने १७ फेब्रुवारी २००९ ही तारीख ठरवली होती, पण लोकांची तयारी झालेली नाही असं दिसल्यावर कायदा करून ती १२ जूनवर ढकलली. तिथे काही केंद्रांना त्यानंतरही थोडे दिवस ॲनालॉग चालू ठेवायची मुभा होती, फक्त 'आता हे बंद झालं आहे, डिजिटल कसं घ्यायचं ते असं' एवढंच सांगण्यापुरती. त्या योजनेला त्यांनी नाइटलाइट म्हटलं होतं. सगळे दिवे मालवल्यावर बाहेरच्या खोलीत एक बारीक दिवा ठेवतात ना, तो. जपानने २४ जुलै २०११ ला भर दुपारी बारा वाजता कार्यक्रम थांबवून पडद्यावर निळी पाटी लावली आणि मध्यरात्रीपर्यंत लहरीही बंद केल्या. भूकंप आणि त्सुनामीने मोडलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना मात्र पुढच्या मार्चअखेरपर्यंत सवलत दिली. ब्रिटन एकेक विभाग करत ऑक्टोबर २०१२ मध्ये संपला. दूरदर्शनने आपली बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपकं २०२१-२२ च्या सुमारास मालवली. कारण सगळीकडे एकच होतं, जागा. ॲनालॉगच्या एका वाहिनीला सहा ते आठ मेगाहर्ट्झ लागायचे आणि त्यात बसायचा एकच कार्यक्रम. तोही किती उधळेपणाने! बातम्या देणाऱ्याच्या मागची भिंत सेकंदाला २५ वेळा पूर्ण पाठवायची, ती तसूभरही हललेली नसली तरी. डिजिटलमध्ये भिंत एकदा सांगितली की पुढे बराच वेळ फक्त ओठ आणि हात सांगायचे. त्याच जागेत मग चार-पाच कार्यक्रम आरामात मावतात आणि बाकीची जागा मोबाइलला देता येते. अमेरिकेत ५२ ते ६९ क्रमांकांच्या टीव्ही वाहिन्या जिथे होत्या तिथे आता फोन बोलतात.

मला हे पटलं होतं, अजूनही पटतं. मुंग्यांबद्दल गळा काढणारी माणसं मी बघितली आहेत. त्यातली बरीचशी मुंग्या आल्यावर टीव्हीला थापड मारणारी होती. मी मुंग्यांच्या बाजूने नाही.

तर डिजिटलचा सेट-टॉप बॉक्स आला. सोबत ज्यानेत्याने एक सल्लाही दिला, डिजिटलला डिजिटल अँटेना लागते. हे धादांत खोटं आहे, आणि हे खोटं खोक्यावर छापून विकलं जातं. हवेतून येणारी लहर पूर्वीसारखीच लहर असते. तिच्यावर काय लिहिलंय ते काड्यांना वाचता येत नाही आणि त्यांना त्याची फिकीरही नसते. बदलला असेल तर पट्टा बदललेला असतो. खालच्या वारंवारतेवरचं केंद्र वरच्या वारंवारतेवर गेलं की काड्या आखूड लागतात, इतकंच. शिवाय काही पद्धतींत पडद्यावर दिसणारा वाहिनीचा क्रमांक जुनाच ठेवतात आणि खरी वाहिनी दुसरीकडेच असते. क्रमांक सात म्हणून लांब काड्यांची अँटेना लावावी, तर ते केंद्र कधीच तिसावर राहायला गेलेलं. आमच्याकडे मुक्काम वरच्याच पट्ट्यात होता, म्हणून मी आखूड काड्यांची नवी अँटेना जुन्या खांबावर चढवली. जुनी खाली उतरवताना कळलं की कावळ्याची काडी हातानेही सरळ होत नाही आता.

तोवर बाबांचे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले होते. त्यामुळे मी वर आणि बाबा खाली टीव्हीपुढे, अशी अदलाबदल झाली. ताई परगावी, तिच्या जागी फोन. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे.

"दिसतंय का?"

"नाही."

"आता?"

"नाही. काळं आहे. नो सिग्नल."

"खाली दोन पट्ट्या दिसतायत ना, त्यांचा आकडा किती आहे?"

"आकडे सोड तू. चित्र नाहीये."

मी त्यांच्याच पद्धतीने, सावकाश, खांब फिरवत होतो. हात त्याच जागी होते जिथे त्यांचे असायचे. तिथला रंग उडून लोखंड गुळगुळीत झालेलं होतं. आणि एकदम बाबा फोनमध्ये ओरडले, "आलं! थांब, थांब!" मी थांबलो. "गेलं."

"कुठे होतं?"

"तू होतास तिथे."

"कधी?"

"आत्ता!"

मी थोडा मागे आलो. काही नाही. अजून मागे. "आलं! थांब! …गेलं." पुन्हा पुढे. असं अर्धा तास चाललं. दोघांचेही आवाज चढले. शेवटी मला उलगडलं की चूक दोघांपैकी कुणाचीच नव्हती. बॉक्सला लहर मिळाल्यावर तो आधी तिच्यावर बस्तान बसवतो, मग आकडे गोळा करतो, मग एखादं पूर्ण चित्र यायची वाट बघतो, कारण नुसत्या ओठांवरून चेहरा काढता येत नाही. आणि हे सगळं झाल्यावर दाखवतो. तीन-चार सेकंद जातात. बाबांना दिसायचं ते मी चार सेकंदांपूर्वी जिथे होतो तिथलं. मी मागे येऊन थांबायचो तोवर बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यांची आयुष्यभराची पद्धत, सावकाश फिरवत राहायचं आणि हाकेला थांबायचं, ती हाक आणि हात एका क्षणात असतील तरच चालते. इथे दोघांच्या मध्ये चार सेकंदांची दरी होती आणि आम्ही तिच्या दोन काठांवरून एकमेकांवर ओरडत होतो.

मग नवी रीत. खांबाला कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर रेघा मारल्या. एक रेघ फिरवायचं, दहापर्यंत मोजायचं, मग विचारायचं. सगळा राग-रंग गेला, शिरगणती सुरू झाली. बाबांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांना हवं होतं ते "येतंय… येतंय…". आणि ते "येतंय" या नव्या कारभारात नव्हतंच. चित्र नव्हतं किंवा लख्ख होतं. मध्ये फार तर क्षणभर चौकोन चौकोन व्हायचे, चेहऱ्याच्या फरश्या निखळल्यासारख्या, आणि आवाज चिरकायचा. आवाजाला पूर्वी असलेलं अभयही गेलं होतं. दोघे एकत्रच यायचे आणि एकत्रच जायचे.

त्यातच मी एक शहाणपणा केला. दोन पट्ट्यांपैकी वरची म्हणजे सिग्नलचा जोर, खालची म्हणजे दर्जा. जोर कमी दिसला म्हणून मी खांबावर बूस्टर बसवला. जोर उडी मारून नव्वदीत गेला, दर्जा शून्यावर आला. बाबांनी तो आकडा मात्र आवर्जून वाचून दाखवला. बूस्टर बिचारा निवड करत नाही, हवेत असेल ते सगळं वाढवतो. जवळच्या मोबाइल टॉवरची लहर एवढी दांडगी की तिने बूस्टर आधीच भरून जात होता आणि आमची बारीक लहर त्यात चेंगरत होती. "कानाशी भोंगा लावला म्हणून बोलणं कळतं असं नाही," बाबा म्हणाले. बूस्टर काढला. जोर ५८, दर्जा ७०, चित्र लख्ख. तो बूस्टर अजून कपाटात आहे, टाकवत नाही.

चित्र असं अचानक का जातं, हे मी त्यांना एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. डिजिटल चित्र १८८ बाइटांच्या पुडक्यांतून येतं. युरोपातून निघालेल्या आणि पुष्कळ देशांनी घेतलेल्या पहिल्या पद्धतीत प्रत्येक पुडक्याला निघताना १६ जादा बाइट जोडतात, दुरुस्तीच्या सामानासारखे. वाटेत काही बाइट बिघडले तर त्या सोळांच्या जोरावर बॉक्स नेमके कुठले बिघडले ते शोधून दुरुस्त करतो, आणि तुम्हाला मूळ चित्र, जसंच्या तसं, मिळतं. अशा आठ चुका त्याला सुधारता येतात. नववी झाली की संपलं, अख्खं पुडकं बाद. "म्हणजे शिशुपाल," बाबा म्हणाले, "फक्त शंभर नाही, आठ." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. आणि शिशुपालाच्या गोष्टीत निदान भरसभेत मोजणी तरी होत होती. इथे सात अपराध झाले तरी बघणाऱ्याला एकही दिसत नाही.

भुतांचा बंदोबस्त मात्र डिजिटलने असा केलाय की मी टोपी काढली. एका वेगवान प्रवाहाऐवजी माहिती हजारो बारीक वाहक लहरींवर वाटून टाकायची. एका पद्धतीत ही संख्या ६८१७ आहे. प्रत्येकावर काम इतकं सावकाश की एक अक्षर ८९६ मायक्रोसेकंद चालतं. शिवाय दर अक्षराआधी थोडा वेळ राखीव ठेवायचा. तो राखीव वेळ जास्तीत जास्त २२४ मायक्रोसेकंद ठेवता येतो. तेवढ्यात लहर ६७ किलोमीटर जाते. म्हणजे ६७ किलोमीटरचा वळसा घालून आलेला पाहुणासुद्धा दाराबाहेरच्या ओसरीवर सामावून घेतला जातो, घरात गोंधळ नाही. आमच्या मागच्या इमारतीचा ६०० मीटरचा वळसा, ज्याच्यापायी बाबांनी संध्याकाळच्या संध्याकाळी गच्चीत काढल्या, तो यात कुठल्या कुठे विरून जातो. उलट याच युक्तीमुळे अनेक मनोरे एकाच वाहिनीवर एकच कार्यक्रम पाठवू शकतात. पूर्वी दुसऱ्या मनोऱ्याची लहर म्हणजे भूत, आता ती मदत. इमारत अजून आहे, भूत गेलं.

काही गोष्टी गेल्या त्याची हळहळ मला आहे, पण ती मुंग्यांइतकी सार्वत्रिक नाही. उन्हाळ्यात कधी कधी जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवरचा हवेचा थर असा काही विद्युतभारित व्हायचा की खालच्या पट्ट्यातल्या लहरी त्यावर आपटून हजार-दोन हजार किलोमीटर पलीकडे उतरायच्या. रिकाम्या वाहिनीवर मुंग्यांमधून अनोळखी लिपीतली पाटी वर यायची, कुणीतरी अनोळखी भाषेत काही सांगायचं आणि पाच मिनिटांत बुडून जायचं. आम्ही ते दोनदा पाहिलं. असा अर्धामुर्धा पाहुणा डिजिटलच्या दारात उभाच राहत नाही. पुडकी पूर्ण भरली तर तो घरात, नाही तर तो आलाच नव्हता. दुसरी गोष्ट टेलिटेक्स्टची. ६२५ पैकी जेमतेम ५७५ रेघा चित्राच्या असायच्या, बाकीचा वेळ किरण खालून वर परत न्यायला. त्या न दिसणाऱ्या रेघांमध्ये अक्षरं कोंबून पाठवायची आणि टीव्हीत ती पानं उलगडायची, हे बीबीसीने १९७४ मध्ये सुरू केलं आणि ॲनालॉगबरोबर २०१२ मध्ये मिटवलं. रिकाम्या वाहिनीवरच्या मुंग्यांत जेमतेम एक टक्का वाटा विश्वाच्या जन्मावेळच्या उजेडाचा असतो, हेही सगळे सांगतात. खरं आहे, पण बाकी नव्व्याण्णव टक्क्यांत बराचसा वाटा टीव्हीच्या आपल्याच ॲम्प्लिफायरच्या गरमीचा होता, ते कुणी सांगत नाही.

डिजिटल झाल्यावर आम्ही तीन-चार वर्षं निर्धास्त होतो. गच्चीचं दार उघडायचं कारण राहिलं नाही. मग एका पावसाळी संध्याकाळी पडदा काळा झाला. नो सिग्नल. बॉक्स बंद करून चालू केला, वायर हलवली, पुन्हा स्कॅन लावला. स्कॅनने सगळ्या वाहिन्या पुसल्या आणि शून्य सापडल्या, म्हणजे होतं तेही गेलं. सकाळी ऊन पडलं आणि सगळं परत आलं. पुढच्या पावसात पुन्हा गेलं. मी कनेक्टर उघडून गंज शोधला, नवी केबल ओढली, बॉक्सला शिव्या घातल्या. पंधरा दिवसांनी गच्चीत नुसता उभा असताना मनोऱ्याच्या दिशेला बघितलं, तर मध्ये झाड. म्हणजे झाड पूर्वीही होतं, पण कठड्याखाली. आता त्याचा शेंडा अँटेनाच्या बरोबर समोर आला होता. कोरड्या पानांतून लहर कशीबशी पार व्हायची, ओल्या पानांतून नाही. इतकी वर्षं ते वीतवीत वाढत होतं, दर वर्षी एकेक अपराध जास्त, आणि बॉक्स तो गुपचूप निस्तरून आम्हाला लख्ख चित्र दाखवत होता.

खाली येऊन सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुंग्या असत्या तर दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं."

खांबाला दीड मीटरचा तुकडा जोडून अँटेना वर नेली. त्यानंतर बाबांनी मला रिमोटवरून सिग्नलच्या पानावर कसं जायचं ते विचारून घेतलं. मेनू, मग सेटिंग, मग चार वेळा खाली. मला वाटलं कुतूहल असेल. काही आठवड्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. रोजच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने बारीक आकडा. ७६, ७६, ७५, ७६. पावसाच्या दिवशी आकड्याभोवती गोल.

काल संध्याकाळी ते खुर्चीतून म्हणाले, "७२ आहे. परवापेक्षा तीनने कमी."

मी पडद्याकडे बघितलं. चित्र लख्ख होतं, बोलणाऱ्याच्या कोटाचा विणीचा धागासुद्धा दिसत होता.

"झाड असेल," ते म्हणाले. "जा वर, बघून ये."

मी चपला घातल्या.